बर्गकाम्पचा पहिला टच

"फुटबॉलमधला तुमचा सर्वांत आवडता क्षण कोणता?" असं तुम्ही विचारलंय. मी लहानपणापासून अर्जेंटिनावाला, पण माझा आवडता क्षण म्हणजे अर्जेंटिनाला घरी पाठवणारा गोल. ४ जुलै १९९८, मार्से, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. नेदरलँड्सच्या डेनिस बर्गकाम्पने अगदी शेवटी केलेला. २०२२ ला मेस्सीने कप उचलला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, रात्री उशिरापर्यंत झोप नव्हती. तरीही या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे.

मॅच आपल्याकडे रात्री आठला सुरू झाली. नागपुरात पाऊस लागलेला, वीज कधी जाईल याचा नेम नाही. मोहननगरात मित्राच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. मित्राचे वडील तरुणपणी स्थानिक लीगमध्ये खेळलेले. ते मागे खुर्चीत. काका मॅच पाहताना बोलत नसत, आणि कोणी बोललेलं त्यांना खपत नसे.

सुरुवातीलाच क्लुईव्हर्टने डचांना पुढे नेलं आणि पाचेक मिनिटांत क्लाउदिओ लोपेझने बरोबरी केली. दुसऱ्या हाफमध्ये न्यूमनला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, डच दहा जणांवर आले, आणि आम्हाला वाटलं, आता मॅच आपलीच. पण ८७ व्या मिनिटाला आमचा ऑर्टेगा पेनल्टी मिळावी म्हणून मुद्दाम पडला, डच गोलकीपर व्हॅन डर सार अंगावर येऊन बोलला तसं उठता उठता त्याला डोकं मारलं, आणि रेड कार्ड. आमचा सर्वांत चपळ माणूस गेला. खोलीत सगळे एकदम ओरडले. त्या ओरडण्यात पुढचा बॉल कुठून आला हे निम्म्यांना कळलंच नाही.

तो आला डच डिफेंडर फ्रँक डी बोअरकडून. आपल्याच हाफमधून, डावीकडून उजवीकडे तिरपा, अर्ध्याहून जास्त मैदान ओलांडून. बर्गकाम्पने नंतर सांगितलंय की पासच्या आधी दोघांची नजरानजर झाली होती. तो धावत सुटला. बॉल मागून, खांद्यावरून येतोय, बाजूला अर्जेंटिनाचा डिफेंडर आयाला. असा बॉल बहुतेक लोक छातीवर घ्यायला जातात किंवा डोक्याने पुढे ढकलतात. बर्गकाम्पने उडी मारून उजवा पाय वर नेला आणि इतक्या लांबून आलेला बॉल बुटावर असा घेतला की तो तिथेच मेला. उसळला नाही, पुढे पळाला नाही, पायाजवळच पडला. दुसऱ्या टचने त्याच पायाने आत ओढला, आयालाच्या पायांमधून, आणि आयाला भलत्याच दिशेला निघून गेला. तिसरा टच पायाच्या बाहेरच्या बाजूने, आमच्या गोलकीपर रोआच्या हाताला न लागता दूरच्या कोपऱ्यात. तीन टच, तिन्ही उजव्याच पायाचे. मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून मैदानावर आडवा झाला.

आम्ही सुन्न. कोणीतरी ऑफसाइड ऑफसाइड करत होतं, मीही तेच म्हणत असेन. रिप्ले लागला आणि काका पहिल्यांदा बोलले, "गोल काय पाहता बे, पहिला टच पाहा." पुन्हा लागला तेव्हा ते उठून टीव्हीजवळ आले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं. इथंच गोल झाला. पुढचं तर कोणीबी मारलं असतं."

पुढचं कोणीही मारलं असतं हे मला आजही पटत नाही, तो फिनिश सोपा नव्हता. पण त्यांचा मुद्दा मला आयुष्यभर पुरला. तोवर मी फुटबॉल म्हणजे ड्रिबल आणि शॉट एवढंच समजत होतो. बॉल घेणं हे बॉल मारण्याइतकंच मोठं कसब आहे, हे मला त्या एका सेकंदात दिसलं. दुसऱ्या दिवशीपासून मैदानावर आमचा एकच उद्योग. एकाने लांबून उंच किक मारायची, दुसऱ्याने पळत जाऊन ती पायावर अलगद थांबवायची. जुलैतली काळी माती, बुटांना किलो किलोचा चिखल, त्यात पाय वर उचलणंच मुश्कील. पाय कडक धरला की बॉल दहा हात उडायचा. पाय बॉलबरोबर थोडा मागे, थोडा खाली आणायचा असतो, घोटा सैल ठेवायचा असतो, हे पाऊस संपता संपता जमायला लागलं. त्याने ते पूर्ण वेगात पळताना, हवेत असताना केलं होतं, वर्ल्ड कपच्या नव्वदाव्या मिनिटाला. स्वतः करून पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

तीन दिवसांनी त्याच मार्सेमध्ये नेदरलँड्सची ब्राझीलशी सेमीफायनल होती. आपल्याकडे रात्री साडेबाराची मॅच. मी अर्जेंटिनाची जर्सी घालून डचांसाठी बसलो. १-१ बरोबरी, मग पेनल्टीवर ते हरले. बर्गकाम्पने आपल्या पेनल्टीवर गोल केला होता, पण दोघांच्या हुकल्या. अर्जेंटिना हरली तेव्हा जेवढं वाईट वाटलं होतं, तेवढंच त्या रात्रीही वाटलं.