गोळ्या कुटून दुधातून दिल्या तर चालतात का? आणि वरचं कोटिंग प्लास्टिकचं असतं का?

तुम्ही एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्यात. सासऱ्यांना गोळ्या गिळवत नाहीत म्हणून सकाळच्या चारही गोळ्या (अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन 75 आणि रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन) खलात कुटून दुधातून देता, ते चालतं का? आणि गोळीवरचा चकचकीत पापुद्रा प्लास्टिकचा असतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते खरं का? मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका औषध कारखान्याच्या कोटिंग विभागात आहे, डॉक्टर नाही. औषध बदलायचं की नाही ते डॉक्टरच सांगतील. पण चारही एकत्र कुटणं मात्र आजच थांबवा.

आधी प्लास्टिकचं. बहुतेक गोळ्यांवर असतं ते फिल्म कोटिंग. त्यात मुख्य पदार्थ एचपीएमसी, म्हणजे लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून बनवलेला, पाण्यात विरघळणारा पॉलिमर. जोडीला थोडं टाल्क, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, रंगासाठी बऱ्याचदा आयर्न ऑक्साइड आणि पापुद्रा तडकू नये म्हणून पीईजीसारखं काहीतरी. हे सगळं मिळून गोळीचं वजन साधारण दोन ते चार टक्के वाढतं. 600 मिलिग्रॅमच्या गोळीवर 18 मिलिग्रॅम धरा. कडू चव झाकायची, दमट हवेपासून औषध वाचवायचं आणि गोळी घशातून सरकन उतरवायची, एवढंच त्याचं काम. अशी गोळी कुटली तर सहसा चव बिघडते, बाकी फार काही नाही.

पूर्वी साखरेचं कोटिंग चालायचं. ते तंत्र मिठाईवाल्यांकडूनच आलंय. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचे थेंब सोडत परातीत फिरवतात ना, तसंच. फक्त इथे काटा येऊ द्यायचा नाही. गोळीत पाणी शिरू नये म्हणून आधी लाखेचा थर, मग साखरेचे थरावर थर, शेवटी मेणाची पॉलिश. गोळीचं वजन दीडपट, कधी दुप्पट व्हायचं आणि एका बॅचला कित्येक दिवस जायचे. फिल्म कोटिंग काही तासांत उरकतं.

आता पॅनमध्ये भोकांचा मोठा ड्रम फिरत असतो, वरून गनने द्रावण फवारायचं आणि गरम हवेने लगेच वाळवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण नाशिकच्या श्रावणात बाहेरची हवा ओली असते, ती नीट कोरडी करून आत घेतली नाही तर गोळ्या ओल्या राहून एकमेकींना चिकटतात आणि सुटताना पापुद्र्याचा टवका घेऊन जातात. याला आम्ही पिकिंग म्हणतो. एप्रिलमध्ये उलटं होतं, थेंब गोळीवर पोचायच्या आतच वाळतो आणि गोळी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत निघते. पूर्वी द्रावणासाठी पाण्याऐवजी एमडीसी (मिथिलीन क्लोराइड) आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरायचे, ते भरकन उडून जायचे; पण वास, आगीचा धोका आणि गोळीत मागे राहणारा अंश या कारणांनी आता बहुतेक काम पाण्यावरच चालतं.

तुमच्या कुटण्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर एन्टेरिक, म्हणजे पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या कोटिंगमध्ये आहे. सासऱ्यांची पँटोप्राझोल त्यातलीच. हे औषध आम्लात टिकत नाही. म्हणून त्यावर असा पॉलिमर चढवतात, जो पोटातल्या आम्लात जसाच्या तसा राहतो आणि लहान आतड्यात पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा वाढला की आम्लता कमी) साडेपाचच्या वर गेला की विरघळतो. हा मेथॅक्रिलिक अ‍ॅसिडचा पॉलिमर आहे, म्हणजे नात्याने अ‍ॅक्रेलिकच. पण तो रक्तात जात नाही, शौचावाटे बाहेर पडतो. गंमत म्हणजे हा पॉलिमर स्वतः आम्लधर्मी, त्याचा स्पर्शसुद्धा पँटोप्राझोलला सोसत नाही. म्हणून मध्ये एक वेगळा थर द्यावा लागतो.

तपासणीही तशीच कडक. सहा नळ्यांच्या बास्केटमध्ये गोळ्या टाकून 37 अंशांच्या आम्लात दोन तास वरखाली करायच्या. एकीलाही चीर गेलेली चालत नाही. मग पीएच 6.8 च्या द्रावणात टाकल्या की तासाभरात फुटून विखुरल्या पाहिजेत. एवढं करून पाठवलेली गोळी तुम्ही खलात घालता! पोटात गेल्यावर तिचं बरंचसं औषध आम्लातच मरतं.

दुधाचंही बघा. दुधाचा पीएच साडेसहाच्या वर असतो, म्हणजे या कोटिंगला ते आतड्यासारखंच वाटतं. असं कोटिंग केलेले बारीक दाणे भरलेली कॅप्सूल उघडून देता येते का, हे औषधागणिक बदलतं, आधी विचारा. डॉक्टर हो म्हणाले तरी ते दाणे दुधात भिजवू नका आणि चावू देऊ नका.

मेटफॉर्मिन एसआरमध्ये (एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) तर कोटिंगपेक्षा आतली रचना महत्त्वाची. ती गोळी पाण्यात फुगून जेलसारखी होते आणि औषध तासन्‌तास झिरपत राहतं. कुटली की सगळं एकदम सुटतं. पोट बिघडतं आणि पुढचा दिवसभर टिकायचा परिणामही जातो. अख्ख्या घेतलेल्या गोळीचं रिकामं भूस कधी शौचात दिसलं तर घाबरू नका, औषध आधीच निघून गेलेलं असतं.

अ‍ॅस्पिरिन 75 एन्टेरिक असेल तर कुटल्याने औषध वाया जात नाही, पण जठराच्या अस्तराचं संरक्षण जातं. तिची पाण्यात विरघळणारी साधी गोळी मिळते. चौथी अ‍ॅम्लोडिपिन; ती बहुधा बिनकोटिंगची साधी गोळी असते, चौघींत कुटायला चालण्यासारखी तीच.

स्ट्रिपवर एन्टेरिक कोटेड, गॅस्ट्रो-रेझिस्टंट (हेही एन्टेरिकच), किंवा हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्यांवरचं एसआर, ईआर, एक्सआर, सीआर असं काही दिसलं तर खल बाजूला ठेवा. मधली रेघ बघूनही फसू नका. मेटोप्रोलॉल सक्सिनेट या रक्तदाबाच्या औषधाच्या काही गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत, कारण आतला प्रत्येक दाणा वेगळा कोट केलेला असतो.

चारही स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गिळवत नाही हे स्पष्ट सांगा. पातळ औषध, सॅशे किंवा साधी गोळी असा पर्याय बऱ्याचदा निघतो. हा त्रास हल्लीच सुरू झाला असेल, पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर गोळ्यांच्या आधी ते सांगा.