केमिस्ट्री सोडू नकोस, ती घेऊनच फॉरेन्सिकला ये

प्रश्न: मॅडम, मी कळव्याची. अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्रीत एमएस्सी झालीय आणि ३ वर्षं रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे, अख्खा दिवस एचपीएलसीपुढे, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रापुढे जातो. मला फॉरेन्सिक सायन्स शिकवायचंय, रिसर्चही करायचाय. त्यासाठी परत फॉरेन्सिकची एमएस्सी करू का? घरचे म्हणतात चांगली नोकरी सोडून हे काय.

उत्तर: अगं, दुसरी एमएस्सी नको. पीएचडी केमिस्ट्रीतच कर पण प्रॉब्लेम फॉरेन्सिकचा घे, हे मी अगदी मनापासून सांगतेय. निनहायड्रिन हे रसायन बघ ना, १९१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रुहेमान यांनी बनवलं, अमिनो आम्लांशी जांभळा रंग देतं हेही तेव्हाच कळलं, आणि कागदावरच्या बोटांच्या ठशांसाठी (ठशातल्या घामात अमिनो आम्लं असतातच) ते सुचवलं गेलं थेट १९५४ मध्ये. म्हणजे आधी केमिस्ट्री पक्की असली की मग असं काही सुचतं.

विषय हवा असेल तर कीटकनाशकं घे. विषबाधेच्या केसमध्ये व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो, त्यातून कीटकनाशक वेगळं काढायचं, टीएलसी प्लेटवर (पातळ थर दिलेली, घटक वेगळे करणारी प्लेट) रंग आणणाऱ्या रसायनाचा म्हणजे रीएजंटचा स्प्रे मारून डाग बघायचा आणि मग जीसी-एमएस या पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रावर खात्री करायची. आपल्या महाराष्ट्रातल्या लॅबच्या लोकांनी या स्प्रे रीएजंटवर खूप चांगले पेपर लिहिलेत, ते शोधून वाच. फक्त खऱ्या केसचे सॅम्पल कॉलेजात येतील ही आशा ठेवू नकोस, ते मुंबईतल्या कलिनासारख्या सरकारी फॉरेन्सिक लॅबलाच जातात आणि पोलीस ज्याला सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्ट म्हणतात तो तिथूनच येतो. तुला सॅम्पल स्वतः तयार करावे लागतील, त्यात कमीपणा काही नाही.

आणि क्यूसीची ३ वर्षं वाया गेली असं मुळीच समजू नकोस गं! ब्लँक (सॅम्पल न घालता केलेली चाचणी) लावणं, प्रत्येक नोंदीवर सही-तारीख, सॅम्पल कोणाच्या हातातून कोणाकडे गेलं ते लिहिणं, हे तुझ्या अंगात मुरलंय आणि मुलांना नेमकं हेच शिकवायचं असतं, कारण कोर्टात उलटतपासणीत वकील तिथेच बोट ठेवतो.

नोकरीचं म्हणशील तर जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडीची सक्ती नाही, एमएस्सीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. तुझी नेट सीएसआयआरची, केमिकल सायन्सेस. जाहिरातीत 'संबंधित किंवा अलाइड विषय' म्हणजे काय धरलंय ते फोन करून विचारून घे, बऱ्याच जणी इथेच अडकतात. मागणी वाढेल असं मला वाटतं, कारण १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंय, राज्यांना त्यासाठी ५ वर्षांची मुदत आहे, आणि ही माणसं कोणीतरी शिकवून तयार करायलाच हवीत ना.

घरच्यांना सांग, नेट निघेपर्यंत नोकरी सोडत नाहीये.