हटवली तरी पुन्हा येणारी फाइल

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे डीटीपी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. पंधरवड्यापूर्वी अनोळखी पत्त्यावरून आलेल्या ई-मेलला लग्नपत्रिकेचा मजकूर म्हणून एक फाइल जोडलेली होती. तिच्यावर पीडीएफचे चिन्ह होते. उघडल्यावर काहीच दिसले नाही, म्हणून मी ती विसरूनही गेले. तेव्हापासून संगणक मंदावला आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई’ या नावाच्या कितीतरी नोंदी दिसतात आणि त्यांपैकी एक ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ फोल्डरातून चालते. ती फाइल मी दोनदा डिलीट केली, पण दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की ती पुन्हा तिथेच असते. ही ट्रोजन, म्हणजे निरुपद्रवी फाइलचे सोंग घेऊन संगणकात शिरणारा घातक प्रोग्राम, आहे का? दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारण्यावाचून उपाय नाही.

उत्तर : आपण फाइलच्या नावावर न थांबता तिची जागा पाहिली, हे फार चांगले केले. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच एक भाग असून पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा तो सांभाळतो. पुरेशी रॅम असलेल्या अलीकडच्या संगणकांत प्रत्येक सेवेला सहसा स्वतंत्र नोंद मिळते, त्यामुळे एकाच नावाच्या पन्नास-साठ नोंदी दिसल्या तरी त्यात वावगे काही नाही. मात्र खरी फाइल सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातल्या ‘सिस्टिम३२’मध्ये, किंवा तिची जुळी ‘सिसवॉव६४’मध्ये असते. ‘रोमिंग’ फोल्डरात तिचे काहीही काम नाही. तिथे तिच्या नावाने चालणारी फाइल तोतया आहे, असे मी नि:शंकपणे म्हणेन.

ती आत कशी आली, हेही आपल्या पत्रातच आहे. विंडोज मूळ मांडणीत परिचित फाइलींच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवते. त्यामुळे ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव पडद्यावर ‘पत्रिका.पीडीएफ’ एवढेच दिसते, आणि चिन्ह तर कोणत्याही प्रोग्रामला कोणतेही लावता येते. मे २०००मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या वर्मने (एका संगणकावरून दुसऱ्यावर स्वतःच पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) नेमका याच सवयीचा फायदा घेतला होता. एवढी वर्षे लोटूनही ही मांडणी तशीच ठेवलेली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय आहे; तो आजच चालू करावा.

आता काढण्याविषयी. सर्वप्रथम इंटरनेट तोडा आणि संगणक स्वच्छ होईपर्यंत गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह त्याला लावू नका. त्यानंतर लगेच फाइल पुसण्याची घाई करू नका. तिची ओळख आधी टिपून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा, तिच्यापुढे ‘-हॅशफाइल’, फाइलचा पूर्ण पत्ता आणि शेवटी ‘एसएचए२५६’ असे रोमन लिपीत लिहिले की चौसष्ट अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. हा त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. तो दुसऱ्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून ‘व्हायरसटोटल’च्या शोधात टाका. २००४मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२पासून गूगलकडे असलेली ही सेवा सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसांचे मत एका पानावर दाखवते. ठसा तिथे सापडला नाही, तर ती फाइल आजवर कोणी तपासायला दिलेली नाही इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून ती निर्दोष ठरत नाही.

फाइल परत येते, कारण आपण खुडला तो नुसता शेंडा आहे आणि हराळीची मुळी दुसरीकडेच आहे. ट्रोजन स्वतःला पुन्हा उभे करण्याची सोय सहसा ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या ‘टास्क शेड्युलर’मध्ये किंवा रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीतल्या) ‘रन’ नोंदीत करून ठेवतो. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ‘ऑटोरन्स’ हा मोफत प्रोग्राम अशा सगळ्या जागा एकत्र दाखवतो. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडला की यादी आटोपशीर होते, आणि ज्यांच्या प्रकाशकाची माहिती मिळत नाही अशा नोंदी गुलाबी पट्ट्यात उठून दिसतात. ‘रोमिंग’मधील त्या फाइलकडे, किंवा आपण कधी न बसवलेल्या एखाद्या फाइलकडे बोट दाखवणारी ओळ सापडली की तिच्यापुढची खूण काढा, ओळच पुसून टाकू नका, कारण चूक झाली तर खूण परत करता येते.

याच वेळी एक जागा अवश्य पाहा, कारण ती हमखास नजरेतून सुटते. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या व्हायरस-संरक्षण मांडणीत ‘एक्सक्लुजन्स’ नावाची यादी असते. अनेक ट्रोजन, तसेच क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणारे प्रोग्राम, स्वतःचे फोल्डर या यादीत घालून ठेवतात, म्हणजे डिफेंडर, हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, त्या फोल्डरात डोकावतच नाही. आपण न घातलेली नोंद तिथे दिसली तर ती काढा. मग ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. त्यासाठी संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच, म्हणजे ट्रोजन जागा होण्यापूर्वी, साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते.

दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे मात्र मी खोडून काढणार नाही. हा प्रोग्राम पंधरा दिवस चालू होता आणि त्या काळात त्याने आणखी काय आणून ठेवले, हे खात्रीने सांगता येत नाही. आपल्या दुकानात लोकांची कागदपत्रे स्कॅन होत असतील, तर विंडोज नव्याने टाकणेच मी योग्य मानतो. कागदपत्रे आणि डिझाइनच्या फाइली तेवढ्या उतरवून घ्या. जुने सेटअप आणि प्रोग्राम सोबत नेऊ नका. तरीही वरची ओळखपरेड वाया जात नाही. व्हायरसटोटलवर त्या फाइलला पासवर्ड चोरणाऱ्या ट्रोजनचे नाव मिळाले, तर ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड गेले असे समजून दुसऱ्या उपकरणावरून ते बदलावे लागतील, प्रत्येक खात्यातून सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे लागेल आणि बँकेला कळवावे लागेल. नुसते फॉरमॅट मारून चोरीला गेलेला पासवर्ड परत येत नाही. पैसे गेल्याचे दिसले तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. ज्यांची कागदपत्रे त्या संगणकावर होती, त्या गिऱ्हाइकांना सांगणे अवघड वाटेल, पण तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : मराठी टंकलेखनाचा एक छोटा प्रोग्राम मी निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घेतला. व्हायरसटोटलवर दोन अँटीव्हायरस त्याला ट्रोजन म्हणतात, बाकी सर्वांना तो निर्धोक वाटतो. काढून टाकू का?

उत्तर : इतक्यात नको. त्या दोघांनी दिलेल्या नावात ‘जेनेरिक’, ‘ह्यूर’ किंवा शेवटी ‘एमएल’ असे काही असेल, तर तो ओळख पटल्याचा निर्वाळा नसून लक्षणांवरून बांधलेला अंदाज असतो. टंकलेखनाचा प्रोग्राम प्रत्येक कळ वाचतो आणि कळा चोरणारा ट्रोजनही तेच करतो, म्हणून अशी गल्लत होऊ शकते. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी आहे का ते पाहा आणि आठवड्याने तोच ठसा पुन्हा तपासा. शंका घेणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली किंवा कमी झाली आणि स्वाक्षरीही जुळली, तर तो वापरायला हरकत नाही. ती वाढत गेली, तर मात्र प्रोग्राम काढा आणि निर्मात्याला कळवा.