आधी आपला आवाज खाली

सांगली

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या वर्गातला चार वर्षांचा एक मुलगा रोज कुणाला तरी ढकलतो, चावतो आणि वरिष्ठ म्हणतात की वर्गावर वचक हवा. अशा वेळी करावे काय, असे तू विचारतेस. माझे उत्तर एकच आहे आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा वाचावे लागेल: आधी आपला आवाज खाली आणायचा, मगच मुलाकडे जायचे.

ज्याला चावले आहे त्याला प्रथम जवळ घे. मग चावणाऱ्यासमोर उकिडवी बस, त्याचा हात हलकेच धर आणि सांग, 'तुला गाडी हवी होती, मिळाली नाही म्हणून राग आला. चावल्यावर दुखतं. गाडी हवी असेल तर "मला दे" असं म्हणायचं.' एवढे बोलून थांब. व्याख्यान देऊ नकोस. नुसते 'ढकलू नको' म्हटल्याने काय करू नये ते कळते, पण काय करायचे ते कळत नाही. टेबलापाशी उभे राहून तू ओरडलीस तर मूल घाबरून थांबेल आणि तुझी पाठ वळली की पुन्हा तेच करेल, कारण या वयात स्वतःला आवरण्याची शक्ती अजून घडत असते आणि भीतीने ती घडत नाही.

तो कधी चावतो, ते तू लिहिलेले नाहीस, आणि मला नेमके तेच हवे होते. खाऊच्या आधी, की खेळ थांबवून रांगेत बसवताना? वहीत वेळ टिपून ठेव. गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली मुले माझ्या वर्गात येऊन बसत. त्यांचे आईबाप पहाटेच फडात गेलेले असत आणि पोरे अर्धवट झोपेत, उपाशी येत. त्यांना हट्टी ठरवणे फार सोपे होते.

हे शहरी लाड आहेत, असे तुला ऐकवले जाईल. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, आदिवासी पाड्यांवरच्या मुलांमध्ये, बालशिक्षणाचे काम उभे केले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मारणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे बंद केले. मग चार वर्षांच्या मुलावर हात उगारलेला चालतो, असे कोणी कसे समजू शकते?

मलाही एका संस्थेत 'वर्गात गोंधळ' असा शेरा मिळाला होता. माझ्या वर्गात आवाज असे, पण भीती नसे, आणि तो शेरा मला आजही मान्य नाही. खंत एवढीच, की शेजारच्या वर्गातल्या मुलांसाठी मी काही करू शकले नाही.

त्याच्या आईला भेटशील तेव्हा तक्रार त्याच्यादेखत सांगू नकोस. आधी त्याच्या झोपेविषयी विचार, आणि तिथेही आवाज खालीच ठेव. वहीतील नोंदी मला पाठव.

तुझी बाई