ब्रेकअप झालंय, पण तो म्हणतो फ्रेंड्स राहूया

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीची, वय 25. आमचं 3 वर्षांचं नातं मार्चमध्ये संपलं, भांडण वगैरे काही नाही, त्याला मुंबईला जायचं होतं आणि मला आईबाबांना सोडून जायचं नव्हतं. आता रोज रात्री त्याचा मेसेज येतो, मीपण रिप्लाय देते आणि मग दोन वाजेपर्यंत झोप नाही. गणपतीला तो येणार, ग्रुप एकच. काय करू?

उत्तर : अगं, रोज रात्रीचे मेसेज म्हणजे जुनंच नातं, फक्त नाव बदललंय. मैत्री होऊ शकते पण लगेच नाही गं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते ना, मिरकरवाड्यात होड्या नुसत्या उभ्या असतात, तशी 61 दिवसांची बंदी तूही घाल (आणि बंदीत चोरून जाळं टाकायचं नाही, म्हणजे त्याचं स्टेटस बघणंसुद्धा नाही!). त्याला सरळ सांग, रागावले नाहीये पण सध्या बोलायचं नाहीये. चिडला तर चिडू दे.

उद्या त्याने दुसऱ्या मुलीबद्दल सांगितलं आणि तुझ्या पोटात गोळा आला, तर अजून वेळ आहे असं समज.

गणपतीत आरतीला बिनधास्त जा, त्याच्यासाठी आपण का घरी बसायचं? पण भाट्याच्या किनाऱ्यावर दोघंच नको, आणि मैत्रिणीला आधीच सांगून ठेव, म्हणजे येताना त्याच्याच बाईकवर बसायची वेळ येणार नाही.