मोहऱ्यांची किंमत पट पाहून ठरव

प्यादं १, घोडा-उंट ३, हत्ती ५, वजीर ९ हे आकडे पाठ झालेत, छान! पण मारामारीआधी तो मोहरा आत्ता किती घरांवर नजर ठेवतोय ते मोज. घोडा मध्यभागी ८ घरं धरतो, कोपऱ्यात फक्त २.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) केलेल्या राजासमोर घोडा आणि उंट देऊन हत्ती नि प्यादं घेणं. बेरीज सहाला सहा, पण सुरुवातीला हत्तीला मोकळी पट्टी (प्यादी नसलेली उभी रांग) नसते. ते दोघं मात्र लढत असतात. हा सौदा टाळच.

आणखी दोन:
- सातव्या ओळीत पोचलेलं प्यादं १ चं समजू नकोस.
- वजीर पटावरून गेले, मोहरे कमी झाले की राजा लपवू नकोस, पुढे आण.

उंटांच्या जोडीचं नंतर पाहू.