चित्रकला येत नाही, पण स्वतःचे कुर्ते-ब्लाउज डिझाइन करायचेत. कागदावर काढायला कुठून सुरुवात करू? क्लास लावावा का?

माणसाच्या आकृतीपासून सुरुवात करू नका. कपड्यापासून करा.

पुण्यात कोथरूडला माझं छोटं बुटीक आहे आणि हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली मला नेहमी भेटतात. लांबलचक पायांच्या मॉडेलची चित्रं बघून बहुतेकींनी तसंच काढायचा प्रयत्न केलेला असतो. चेहरा जमत नाही, हाताची बोटं जमत नाहीत, आणि कुर्ता राहतो बाजूला. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी असते. फॅशनच्या चित्रात ती नऊ-दहा डोक्यांपर्यंत ताणतात आणि वाढवलेली उंची बरीचशी पायांना देतात. दिसतं छान, पण त्यावरून कुर्ता गुडघ्याच्या वर संपतो की खाली, हे टेलरला कळत नाही. तुम्हाला हवं आहे सपाट चित्र. आमच्याकडे त्याला फ्लॅट म्हणतात. कपडा पलंगावर नीट पसरला आणि वरून पाहिला, तर दिसेल तसा.

कपाटातला अंगाला सर्वांत छान बसणारा कुर्ता काढा आणि तो पसरून टेपने मोजा. अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपर, एचबी पेन्सिल आणि एक जाड, एक बारीक काळं पेन आणा, एवढ्यावर भागतं. एक सेंटीमीटर म्हणजे दोन इंच धरा. मग 42 इंची कुर्ता 21 सेंटीमीटरचा होतो आणि ए-फोर कागदावर आरामात मावतो. 14 इंची खांदा सात सेंटीमीटर, 20 इंची छाती (पसरलेल्या कपड्याची, म्हणजे अर्धा घेर) दहा. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा आणि आधी फक्त डावी बाजू काढा. मग काढलेलं चित्र बाहेर राहील असा त्या रेघेवर कागद दुमडा, खिडकीच्या काचेवर धरा आणि उजवी बाजू गिरवा. दोन्ही खांदे सारखे येतात.

नवख्या हाताचं चित्र सर्वांत जास्त फसतं ते मुंढ्याशी, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथे. खांदा सरळ आडवा काढलेला असतो आणि बाही नुसती बाजूला चिकटवलेली. प्रत्यक्षात खांदा गळ्याकडून बाहीकडे इंचभर तरी उतरतो आणि मुंढ्याची शिवण आत वळून बगलेकडे जाते. पसरलेल्या कुर्त्यावर त्या शिवणीवरून बोट फिरवून पाहा, मग रेघ काढा. खरंच फरक पडतो.

चुन्या (दोऱ्याने गोळा केलेलं कापड) आणि प्लीट (घडी घालून शिवलेलं कापड) यांतही गल्लत होते. चुन्यांच्या रेघा शिवणीपासून निघतात, कमी-जास्त लांबीच्या असतात आणि खाली विरत जातात. खालची कडही थोडी लाटेसारखी येते. प्लीट मात्र सरळ, सारख्या अंतरावर आणि धारदार. बाहेरची रेघ जाड, आतल्या शिवणी बारीक, आणि कापडावर वरून दिसणारी टीप तुटक रेघेने दाखवतात.

रोज एक कपडा काढा, पण घरातलाच. आईचा ब्लाउज, भावाचा शर्ट, आजीचं परकर-पोलकं जपून ठेवलेलं असेल तर तेही. अंगरखा जरूर काढा. एक पदर दुसऱ्यावर कसा येतो, बंद कुठे बांधतात, हे काढताना कपड्याची रचना नीट डोक्यात बसते. हाताला एवढी सवय झाली की स्वतःचं डिझाइन सुरू करा: ओळखीचाच कुर्ता घ्या आणि त्यात एकच गोष्ट बदला, फक्त गळा किंवा फक्त बाही.

ते चित्र तुमच्या टेलरकाकांना दाखवा आणि काही न बोलता त्यांचे प्रश्न ऐका. मागचा गळा किती? चेन बाजूला की मागे? अस्तर आहे? साइड कट कुठून? त्यांना जे विचारावं लागलं, ते चित्रात राहून गेलंय असं समजा. माझ्याकडे सुंदर रंगवलेली चित्रं येतात आणि त्यांत पाठच नसते! ब्लाउजमध्ये तर सगळी हौस पाठीवरच असते, म्हणून तिथे मी मागची बाजूच आधी काढायला सांगते. आणि एक हिशोब विसरू नका. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 22 इंच असतो. बंद गळ्याचा घेर त्याहून कमी असेल आणि कापड ताणलं जात नसेल, तर बटणं, चेन किंवा फाट दाखवावीच लागेल.

कापड हाताळल्याशिवाय डिझाइन पक्कं करू नका. लक्ष्मी रोडला जाऊन खण आणि जॉर्जेट एकापाठोपाठ हातात धरा. खण ताठ उभा राहतो, त्याच्या चुन्या फुगतात. जॉर्जेट खाली ओघळतं. म्हणून एकच बाही दोन कापडांत दोन तऱ्हेने काढावी लागते. लेस आणि बटणांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत फिरा आणि आवडलेल्या लेसची रुंदी वहीत लिहून ठेवा, म्हणजे चित्रात ती मापाने येईल.

क्लासचं म्हणाल, तर पैसे खर्च करायचेच असतील तर चित्रकलेच्या आधी शिवणाच्या क्लासवर करा. साधा कुर्ता एकदा स्वतः बेतून शिवला की टक्स (कपडा अंगाला बसावा म्हणून शिवलेल्या चिमट्या) कशासाठी घेतात, उरेब म्हणजे तिरकं कापलेलं कापड का लागतं, हे कळतं आणि रेघ कुठे मारायची याचा अंदाज येतो. आकृती, रंग, छटा हे सगळं त्यानंतर शिका. आणि तेव्हाही आकृती प्रत्येक वेळी नव्याने काढायची गरज नाही. एक चांगली आकृती खाली ठेवा, वर ट्रेसिंग पेपर घ्या आणि त्यावर फक्त कपडे काढा.